आत्याबाईंनी मीठ सोडलं

“मी, सिमोन बार्थोल त्रिभुवन, या उपवासकाळात कारली सोडतो,” माझे सासरे छातीवर क्रूसाची खूण करून गंभीरपणे म्हणाले.

“खाली बसा,” माझ्या सासूबाई म्हणाल्या. “कारलं तुम्ही जल्मात तोंडात घेतलं नाय. देवाला काय येडं समजता?”

राखेच्या बुधवाराची आदली संध्याकाळ होती. उद्यापासून ईस्टरपर्यंत मटण बंद, म्हणून आम्ही चौघांनी मटणाचं पातेलं खरवडून पुसून घेतलं होतं, आणि हाताला रश्शाचा वास तसाच असताना येशूच्या तसबिरीसमोर चटईवर बसलो होतो. त्रिभुवनांच्या घरची ही रीत. एकेकानं उभं राहायचं, आपलं पूर्ण नाव घ्यायचं आणि या चाळीस दिवसांत काय सोडणार ते मोठ्यानं सांगायचं. मनातल्या मनात ठरवलेलं धरत नाहीत. बाकीच्यांनी ते पारखून घ्यायचं. एकदा पसंत पडलं की मग मात्र माघार नाही. ताप येवो नाहीतर पाहुणा येवो, तसबिरीसमोर बोललं ते बोललं.

मी मूळची नगरची, आणि त्यात प्रोटेस्टंट. माझे अप्पा पाळक. आमच्याकडं उपवासकाळ म्हणजे दर शुक्रवारी चर्चमध्ये एक जादा उपदेश, एवढंच. त्या उपदेशानंच जीव इतका मेटाकुटीला यायचा की आणखी काही सोडायची गरज कुणाला वाटत नसे. राहुरीच्या पलीकडं मिशनच्या या गावात, कॅथलिक घरात मी आले ती पास्कलच्या प्रेमात पडून. त्यावरून दोन्ही घरांत जो धुरळा उडाला तो सांगायला बसले तर ही गोष्ट राहूनच जाईल. पहिल्या वर्षी ही सोडण्याची बैठक बघून मला हसू आवरेना. सिमोनमामा, म्हणजे माझे सासरे, दर वर्षी काहीतरी फुसकं पुढं करायचे आणि आत्याबाई त्यांना पकडायच्या. आमच्या भागात सासूला आत्याबाई म्हणतात. माझ्या आत्याबाईंचं नाव कत्रीना. अंगानं किडकिडीत, पण आवाज असा की मिशनच्या घंटेची गरज पडू नये.

“बरं, तंबाखू,” मामा पडेल आवाजात म्हणाले.

“आता कसं बोललात!”

पास्कलनं चहा सोडला. मिशनच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग शिकवणाऱ्या माणसाला दिवसाला सात-आठ कप लागतात. म्हणून ते लगेच पसंत पडलं. मग मी उठले.

“मी, सुवार्ता पास्कल त्रिभुवन—”

“तू बस,” आत्याबाई म्हणाल्या. “पोटुशीला माफ असतंया. तू नीट खा-पी, बास.”

मी बसले. मला चौथा महिना लागला होता, आणि ही माझी तिसरी खेप होती. पहिलं लेकरू तिसऱ्या महिन्यातच गेलं होतं. दुसरा मुलगा सातव्या महिन्याच्या तोंडावर घरातच झाला, गाडी मिळेपर्यंतसुद्धा थांबला नाही. मूठभर जीव. त्याचा श्वास अडकायला लागला तसं आत्याबाईंनी माठातलं पाणी ओंजळीत घेतलं, त्याच्या डोक्यावर घातलं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं त्याला बाप्तिस्मा दिला आणि नाव ठेवलं इग्नास. फादर येईपर्यंत इग्नास गेला होता. त्यानंतर आत्याबाई कितीतरी दिवस आपल्या उजव्या हाताकडं बघत बसायच्या.

आता त्या उभ्या राहिल्या. पदर डोक्यावरून घेतला.

“मी, कत्रीना सिमोन त्रिभुवन, मीठ सोडते.”

मामांनी मान वर केली. “जेवनातलं वरचं मीठ का?”

“वरचं नाय, खालचं नाय. सगळंच. माझी भाजी-भाकर अळणी निघंल.”

“आई, एवढं नको,” पास्कल म्हणाला.

“तुला कुनी इचारलं? माझं मी देवासंगं बोलले.” मग त्यांनी माझ्या पोटाकडं बघितलं आणि आवाज एकदम खाली आला. “ह्ये टिकलं पायजे. मी देवाला मीठ देते, त्यानं मला नातवंड द्यावं.”

खरं सांगते, मला बरं वाटलं. पाळकाची मुलगी मी. देवाशी असा बाजार करायचा नसतो, हे मला पाळण्यातच शिकवलेलं. पण दोनदा रिकाम्या हातानं उठलेल्या बाईला असलं शहाणपण परवडत नाही. कुणीतरी माझ्यासाठी काहीतरी मोठं पणाला लावलंय, एवढंच मला त्या रात्री उशाला घेऊन झोपायला पुरलं.

पहिले काही दिवस आत्याबाई अळणी भाकरी आणि अळणी वरण असं हसतमुखानं खायच्या की बघणाऱ्याला वाटावं, त्यात काही गुपित चव आहे. मी एकदा त्यांचं वरण चाखलं. घास घशाखाली उतरेना. मार्च लागला आणि ऊन तापायला लागलं. आत्याबाईंना घाम सुटायचा आणि त्या तांब्यामागून तांब्या पाणी प्यायच्या. त्यांना रक्तदाबाची गोळी होती. ती त्या रोज सकाळी न चुकता घ्यायच्या, कारण गोळी काही त्यांनी सोडली नव्हती.

मग एके दिवशी त्या निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला बसल्या. मी म्हटलं, “आत्याबाई, हे झालेत.” त्या “व्हय का?” म्हणाल्या आणि निवडतच राहिल्या. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता, आणि त्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनेला, जायचं म्हणून ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभ्या. पास्कल म्हणाला, “आई थकलीय. उपवासानं होतं असं.” मामा म्हणाले, “वय झालं.” मी काहीच म्हणाले नाही. शेजारची एक बाई येऊन कानात सांगून गेली की हे काहीतरी बाहेरचं आहे, एखाद्या जाणत्याला दाखवा. मामांनी तिला हाकललं खरं, पण ती गेल्यावर चर्चमधून पवित्र पाणी आणून घराच्या चारही कोपऱ्यांत शिंपडलं.

शनिवारी सकाळी मी भाकरी थापत होते. आत्याबाई चुलीजवळ आल्या आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, “सुवार्ते, इग्नासला दूध पाजलंस का? मघापासून रडतंय त्ये.”

माझ्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली.

“ऐकू येत नाय का तुला? कसली आई तू!” असं म्हणत त्या वळल्या, दोन पावलं गेल्या आणि उंबऱ्यात कोसळल्या. डावा हात थाड थाड हलत होता. मी ओरडले, पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

मिशनच्या दवाखान्यात दोन खाटांची एक खोली होती. सिस्टर लुसिया तिथं नर्स. मंगळूरकडच्या. आमच्या गावात केस पिकले तरी त्यांच्या मराठीला मंगळूरचा सूर होता. तालुक्याहून डॉक्टर आले. आत्याबाई शुद्धीत आल्या होत्या, पण जीभ जड झाली होती, आणि कधी आम्हाला ओळखत होत्या, कधी नाही. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं आणि एकेक विचारायला लागले. गोळी कोणती? जेवण कसं? मग म्हणाले, “मीठ कमी खातात का?”

“कमी नाय साहेब,” मामा म्हणाले. “अजाबातच खात नाय. उपवासकाळ हाय ना.”

“आणि गोळी चालू?”

“ती कशी सोडंल? ती तुमच्यासारख्या डॉक्टरनं दिलेली.”

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. ती गोळी लघवीवाटे अंगातलं मीठ बाहेर टाकते. वरून घाम, वरून भाराभर पाणी, आणि तोंडावाटे मिठाचा कणही आत नाही. रक्तातलं मीठ पार खाली उतरलंय आणि मेंदूला सूज येतेय. दुपारी रक्ताचा निकाल आला, तो त्यांच्या अंदाजापेक्षाही वाईट होता.

“सलाईन लावतो,” ते म्हणाले. “हळूहळू मीठ वर आणू. आज झटके थांबले तर वाचतील. पुन्हा जोराचे सुरू झाले तर नगरला हलवावं लागेल, आणि रस्त्यात काय होईल ते मी सांगू शकत नाही.”

सिस्टर लुसियांनी सुई टोचली. बाटली टांगली. आत्याबाईंनी डोळे उघडून बाटलीकडं बघितलं.

“त्यात काय हाय?”

दुसरी कुणी नर्स असती तर ग्लुकोज म्हणून मोकळी झाली असती. पण सिस्टर म्हणजे सिस्टर. त्यांनी उभ्या आयुष्यात खोटं बोलायचा सराव केलेला नव्हता.

“सलाईन आहे, बाई.”

“म्हंजी मिठाचं पानी,” आत्याबाई म्हणाल्या, आणि उजव्या हातानं डाव्या हातातली सुई उपसून काढली. चादरीवर रक्त उडालं.

त्यानंतर जे झालं ते आजही मला सलग आठवत नाही. डॉक्टरांनी रागावून बघितलं. पास्कलनं हात जोडले. मामा खाटेशी बसून लहान मुलासारखे रडले. “कत्रे, मी काय करू तुझ्यामागं? मला चहासुदिक करता येत नाय,” असं म्हणाले, आणि एरवी मी त्यावर हसले असते. आत्याबाईंच्या तोंडात खारट पेजेचा चमचा घातला, तो त्यांनी थुंकून टाकला. फादर धावत आले. त्यांनी कपाळावर हात ठेवून सांगितलं, “कत्रीनाबाई, आजाऱ्याला उपवास नसतो. मी तुम्हाला या त्यागातून मोकळं करतो.”

आत्याबाईंची जीभ अडखळत होती, पण डोकं त्या घटकेला स्वच्छ होतं.

“तुमी मोकळं कराल, फादर. पर मी काय तुमच्यासंगं बोलले व्हते?”

फादरांनी कपाळावरचा हात काढून घेतला. डॉक्टर म्हणाले, “हात बांधावे लागतील. दुसरा इलाज नाही.” सिस्टरनी पट्टी आणली आणि पास्कलच्या हातात दिली, कारण परक्यानं बांधलं तर त्या आणखी झुंजतील. पास्कल खाटेजवळ गेला. आत्याबाईंनी आपण होऊन दोन्ही मनगटं पुढं केली.

“बांध बाबा,” त्या म्हणाल्या. “येशूलाबी बांधलंच व्हतं.”

पास्कलच्या हातातून पट्टी गळून पडली. तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

मी पायथ्याशी उभी होते. मला वाटतं, तेवढ्या वेळात मी जेवढी एकटी होते तेवढी पुन्हा कधी झाले नाही. मला आत्याबाई हव्या होत्या. आणि लेकरूही हवं होतं. त्यांनी मीठ सोडल्यापासून पोटात एकदाही कळ आली नव्हती. चौथा महिना सुखरूप सरला होता, आणि मी पाळकाची मुलगी असून रोज मनात म्हणायची की मीठ काम करतंय. आता तोंडात बळंच मीठ घातलं आणि उद्या पोटात दुखायला लागलं तर? कुठल्या देवाला तोंड दाखवू, आणि आत्याबाईंना काय सांगू? एक वेडं मन म्हणत होतं, काही करू नकोस, गप्प उभी राहा, ईस्टर फार लांब नाही.

तेवढ्यात आत्याबाईंचा डावा हात पुन्हा थरथरायला लागला. आधी बोटं, मग मनगट. सिस्टर धावल्या. आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत ओळख होती. तोंडाचा कोपरा वाकडा झालेला, तरी त्या हसायला बघत होत्या, मला धीर द्यायला. मरायला टेकलेली बाई मला धीर देत होती. ते मला सोसलं नाही.

खोलीच्या भिंतीवर एक लाकडी क्रूस होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले, डोक्यावर पदर घेतला, आणि त्या घरात शिकले होते तसं मोठ्यानं बोलले.

“मी, सुवार्ता पास्कल त्रिभुवन, या उपवासकाळात माझ्या पोटातलं लेकरू सोडते.”

माझा एक हात पोटावर होता, तो मी खाली सोडला.

“ठेवायचं असलं तर देवानं ठेवावं, न्यायचं असलं तर न्यावं. मी मागणार नाही. मी त्याच्यावरचा हात काढला.” मग मी आत्याबाईंकडं वळले. “ऐकलंत? तुम्ही ज्याच्यासाठी मीठ सोडलंत ते आता आपल्याकडं राहिलंच नाही. तुमच्या मिठाचा त्याला काही उपयोग नाही. आता ते कशाला सोडून बसलात?”

“सुवार्ता!” पास्कल ओरडला. “तुला कळतंय का काय बोलतेस?”

मला चांगलं कळत होतं. अप्पांनी आम्हाला लहानपणी एकच गोष्ट हजारदा बजावली होती की देवाला दिलेला शब्द माघारी घेता येत नाही. म्हणून तर मी ते बोलले. हलकं काही बोलले असते तर आत्याबाईंनी मला पकडलं असतं.

त्यांनी मला बोटानं जवळ बोलावलं. मी वाकले, तशी त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. हातात जोर नव्हता, पण आवाज झाला.

“सटवे,” त्या म्हणाल्या. “काय केलंस गं सटवे.”

मग त्या रडायला लागल्या. मीही रडले. कितीतरी वेळ त्या छताकडं बघत पडून होत्या, आणि कुणाची त्यांना हात लावायची छाती होईना. शेवटी त्यांनी डावा हात उचलून सिस्टरांपुढं धरला. तोंडानं एकच शब्द बोलल्या.

“टोच.”

ती बाटली रात्रभर चालली. झटके पुन्हा आले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मामांना विचारलं, “दाढी का नाय केली?” तेव्हा मामा दवाखान्याच्या मागं जाऊन पुन्हा रडून आले. गोळी बदलली. चार-पाच दिवसांनी आत्याबाई घरी आल्या, भिंतीचा आधार घेत चालायला लागल्या, आणि ताटात मीठ घातलेलं वरण मुकाट्यानं जेवल्या.

त्या वाचल्या. पण त्यांच्या घरी येण्याबरोबर माझे जे दिवस सुरू झाले, ते शत्रूलाही येऊ नयेत.

पास्कल माझ्याशी कामापुरतं बोलायचा. एकदाच म्हणाला, “आईसाठी केलंस हे मला समजतंय. पण ते माझंही होतं ना? मला न विचारता दिलंस.” अप्पांना मी काही कळवलं नाही. पाचवा महिना पुरा झाला, सहावा लागला. पोट दिसायला लागलं. बाया विचारायच्या, कितवा? मी पदर पुढं ओढून कामाचं निमित्त करायची. आधीच्या खेपेला इग्नाससाठी मी टोपडं विणलं होतं. या खेपेला सुईला हात लावला नाही. रात्री कूस बदलताना हात पोटावर पडला तर चटका बसल्यासारखी उचलून घ्यायची. लेकरू आत हलायला लागलं होतं. पूर्वी मी त्या हालचालीशी तासन् तास बोलायची. आता ती दुसऱ्या कुणाची ठेव आहे, मालक येईल आणि घेऊन जाईल, असं समजून मी गप्प राहायची. आणि एखाद्या दिवशी हालचाल जाणवली नाही की मोरीत जाऊन तोंडात पदराचा बोळा घालून रडायची, कारण मागायचं नाही असं मीच कबूल केलं होतं. प्रार्थनेला बसले की सगळ्या गावासाठी मागायची, आणि लेकरापाशी आले की आमेन म्हणून उठायची.

आत्याबाई त्या विषयावर चकार शब्द बोलल्या नाहीत. मला वाटायचं, त्यांनी मला अजून माफ केलेलं नाही.

ईस्टरच्या सकाळी आम्ही मिस्साहून घरी आलो. मामांनी चंची उघडून तंबाखूची चिमूट गालात सोडली होती आणि ते एखाद्या संतासारखे डोळे मिटून ओट्यावर बसले होते. पास्कलचा दुसरा कप चालू होता. मी मटणाला फोडणी द्यायला चालले होते.

“सुवार्ते,” आत्याबाईंनी हाक मारली. “हिकडं ये.”

त्या तसबिरीसमोर उभ्या होत्या. मी गेले.

“घे आता.”

“काय घेऊ?”

“काय म्हंजी? सोडलं व्हतंस त्ये.”

मला एकदम काही कळेना. कळलं तेव्हा मी मागं सरकले. “आत्याबाई, ते देवाला दिलंय. दिलेला शब्द मागं—”

“अगं येडे!” त्या इतक्या जोरात म्हणाल्या की मामांनी डोळे उघडले. “ईस्टर झाला ना! म्हाताऱ्याची तंबाखू माघारी आली, पास्कलचा चहा आला. तू कवा सोडलंस? उपवासकाळात. कंच्या शब्दांत सोडलंस? ‘या उपवासकाळात’ म्हनलीस. मी ऐकलंय की माझ्या कानानं. मंग उपवासकाळ सरल्यावर ज्याचं त्याला माघारी मिळतंया. तुमच्या नगरच्या चर्चात येवढंबी शिकवत नाय का?”

मी तिथंच उभी राहिले. दोन वर्षं त्या घरच्या बैठकीला बसले होते, ईस्टरच्या दिवशी चहाची आधणं माझ्याच हातानं ठेवली होती, आणि ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नव्हती. तंबाखू परत येते हे मला ठाऊक होतं. लेकरूही येतं, हे वाटलं नव्हतं.

“मग तुम्ही एवढे दिवस बोलला का नाहीत?”

“ईस्टरच्या आत कसं बोलू? सोडलेलं मुदतीच्या आत माघारी घेतलं तर पाप नाय का?” मग त्यांचा आवाज बदलला. “रोज बघत व्हते मी तुला. मोरीत जाऊन रडायचीस, त्येबी. रोज म्हनायचे देवा, तेवढा ईस्टर येऊ दे. माझ्यापायी पोरगीनं हात काढलाय, तू काढू नगंस.”

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. त्यांचे हात अजून अशक्त होते, मनगटावर सुईचा काळानिळा डाग पुरता गेला नव्हता. माझे तळवे त्यांनी माझ्या पोटावर दाबून ठेवले.

“म्हन, माझं.”

मी हात सोडवायला बघितलं.

“म्हन की गं.”

पास्कल कप खाली ठेवून दारात येऊन उभा राहिला होता.

“माझं,” मी म्हटलं.

“मोठ्यानं म्हन. मनातलं धरत नसतेत.”

मी मोठ्यानं म्हटलं. मग मला थांबताच येईना. पास्कलनं येऊन मला धरलं, तरी मी तेच म्हणत राहिले, आणि आत्याबाई “बास, बास, ऐकलं त्यानं,” म्हणत मला खाली बसवायला बघत होत्या.

ऑगस्टमध्ये त्याच दवाखान्यात, त्याच खोलीत मला मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, गुटगुटीत. ती रडायच्या आधी मीच ओरडले, “माझी आहे! माझी आहे ती!” सिस्टर लुसिया बिचाऱ्या दचकल्या. त्यांनी लेकराला उलटंपालटं करून पुसलं, कापडात गुंडाळलं आणि माझ्या छातीवर ठेवलं.

“हो गं बाई,” त्या म्हणाल्या. “तुझीच आहे. कोण नेतंय?”